वाचकांचे प्रश्न : डिरेक्टरी सर्व्हरच्या ॲडमिनचाच पासवर्ड एक्स्पायर झाला तर?

नाशिक आणि आसपासच्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकाच अडचणीच्या निरनिराळ्या तऱ्हा आल्या आहेत. डिरेक्टरी सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन खाती एका जागी ठेवणाऱ्या सर्व्हरवर, पासवर्डची मुदत संपली आणि सगळा कारभार ज्याच्या हातात, तोच बाहेर राहिला. म्हणून हा भाग पूर्णपणे त्यालाच दिला आहे. आज्ञा, फाइल आणि ॲट्रिब्यूट (खात्याच्या नोंदीतला एकेक रकाना) यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, मधले हायफन गाळून सलग लिहायची; हायफन किंवा अंडरस्कोर खरंच लागतो तिथे तसं सांगितलं आहे. लिनक्सवर आज्ञा आणि फाइलची नावं लहान अक्षरांत असतात. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ॲट्रिब्यूटच्या नावात लहान-मोठं कसंही चालतं.

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. कर्मचाऱ्यांची लॉगिन खाती लिनक्सवरच्या ३८९ डिरेक्टरी सर्व्हरवर आहेत. ऑडिटमध्ये सांगितलं म्हणून सगळ्यांना ९० दिवसांची पासवर्ड-मुदत लावली. आता ‘ॲडमिन’ हेच खातं लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर असूनही ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स’ येतं. ज्यांनी सर्व्हर बसवला ते नोकरी सोडून गेले. पुरवठादार म्हणतो, पुन्हा इन्स्टॉल करा नाहीतर जुना बॅकअप चढवा. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तोच धरा. जुना बॅकअप तर मुळीच चढवू नका. त्यानंतर रुजू झालेल्यांची खाती जातील, सोडून गेलेल्यांची पुन्हा जिवंत होतील. शिवाय बॅकअप मुदत लावल्यानंतरचा असेल, तर ॲडमिनच्या नोंदीवर तीच संपलेली तारीख परत येईल, म्हणजे इतकं करून तुम्ही पुन्हा दाराबाहेरच.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. या सर्व्हरवर दोन वेगळे ॲडमिन आहेत. तुमचं ‘ॲडमिन’ खातं ही इतर कर्मचाऱ्यांसारखीच डेटाबेसमधली एक नोंद आहे, फक्त तिला जास्त अधिकार दिलेले आहेत. सगळ्या सर्व्हरला पासवर्डचं धोरण (मुदतीसारखे नियम) लावलं की ते या नोंदीलाही लागतं. दुसरा आहे ‘सीएन=डिरेक्टरी मॅनेजर’. तो डेटाबेसमध्ये नसतो, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतो आणि त्याला पासवर्डचं धोरण लागूच होत नाही. त्याचा पासवर्ड कुणी विसरू शकतं, पण तो एक्स्पायर होत नाही. सुटकेचा सगळा मार्ग इथूनच जातो.

तरीही निदान पक्कं करा, कारण चुकीचा पासवर्ड आणि एक्स्पायर झालेला पासवर्ड या दोन्हींना हा सर्व्हर ४९ हाच एरर-कोड देतो. ‘एलडॅप-हू-ॲम-आय’ या आज्ञेने, साध्या बाइंडसाठी (नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन) ‘एक्स’ हा पर्याय देऊन, ॲडमिनच्या नावाने लॉगिन करून पाहा. मुदत संपली असेल तर कोडखाली ‘पासवर्ड एक्स्पायर्ड’ अशी जादा ओळ येते. १९ हा कोड आला तर खातं चुकीच्या प्रयत्नांमुळे लॉक झालं आहे आणि तो आजार वेगळा. सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्येही हे दिसतं. ‘बाइंड’ची ओळ शोधा, तिच्यातले कनेक्शन आणि ऑपरेशनचे क्रमांक बघा, मग तेच क्रमांक असलेली ‘रिझल्ट’ची ओळ वाचा. लॉग बफरमध्ये साठवून लिहिला जातो, त्यामुळे ओळ लगेच दिसली नाही तर थोडं थांबा.

आता डिरेक्टरी मॅनेजरचा पासवर्ड हाताशी असेल तर काम सोपं आहे. त्याच्या नावाने ‘एलडॅप-सर्च’ करून ॲडमिनच्या नोंदीवरचं ‘पासवर्डएक्स्पिरेशनटाइम’ वाचा. हे ऑपरेशनल ॲट्रिब्यूट आहे. आज्ञेच्या शेवटी त्याचं नाव लिहून मागितलं नाही तर ते दाखवलंच जात नाही, आणि बरेच जण ‘तारीख लावलेलीच नाही’ अशा समजुतीत तिथेच अडकतात. किंमत अशी दिसेल : २०२६०३१४१८३०००झेड. आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद. शेवटचा झेड म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा : १४ मार्चचे १८:३० म्हणजे आपल्याकडे १५ मार्च उजाडतानाची मध्यरात्र.

मग ‘एलडॅप-पासवर्ड’ची आज्ञा (स्पेलिंगमध्ये शेवटचा शब्द ‘पास’ आणि पुढे ‘डब्ल्यूडी’) चालवा. मोठा ‘डी’ लिहून डिरेक्टरी मॅनेजरचं नाव, मोठा ‘डब्ल्यू’ म्हणजे त्याचा पासवर्ड विचारून घे, मोठा ‘एस’ म्हणजे नवा पासवर्ड विचारून घे, आणि शेवटी ॲडमिनच्या नोंदीचं पूर्ण नाव. हे साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या जोडणीवर केलं तर सर्व्हर १३ हा कोड देऊन नाकारतो. मोठा ‘झेड’ दोनदा लिहून टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली जोडणी, सक्तीचं करा. नवा पासवर्ड पडला की नवी तारीखही आपोआप पडते. धोरणात ‘पासवर्डमस्टचेंज’ चालू असेल तर ॲडमिनला पहिल्या लॉगिनला तो पुन्हा बदलावा लागेल, आणि तोवर बाकी काहीच करता येणार नाही. ही बिघाडाची खूण समजून पुन्हा रिसेट करत बसू नका.

डिरेक्टरी मॅनेजरचाही पासवर्ड कुणाला माहीत नसेल, तर त्या यंत्राचा रूट (लिनक्सवरचं सर्वाधिकारी खातं) तुमच्या हातात हवा. सर्व्हरची आवृत्ती नवी असेल (‘डीएस-कॉन्फ’ ही आज्ञा मिळते का, यावरून ओळखा), तर बहुधा फाइलला हातही लावावा लागत नाही. नव्या पद्धतीने बसवलेल्या सर्व्हरवर लोकल सॉकेटमधून (त्याच यंत्राच्या आतल्या जोडणीतून) आलेला रूट हाच डिरेक्टरी मॅनेजर मानला जातो. रूट म्हणून लिहा : ‘डीएस-कॉन्फ’, पुढे इन्स्टन्सचं (यंत्रावर चालणाऱ्या सर्व्हरच्या एकेका स्वतंत्र मांडणीचं) नाव, ‘डिरेक्टरी-मॅनेजर’ (मध्ये अंडरस्कोर), ‘पासवर्ड-चेंज’ (इथेही अंडरस्कोर). नवा पासवर्ड विचारला जातो, जुना लागत नाही.

जुन्या सर्व्हरवर, किंवा ती सोय बंद असल्यास, कॉन्फिगरेशनची फाइलच उघडावी लागते. ‘ईटीसी’मधल्या ‘डिर-सर्व्ह’ फोल्डरात ‘स्लॅप-डी’ आणि हायफनपुढे इन्स्टन्सचं नाव असं एक फोल्डर असतं. त्यातली ‘डीएसई डॉट एलडिफ’ ती हीच. एका यंत्रावर दोन इन्स्टन्स असतील तर चुकीच्या फोल्डरात शिरणं अगदी सोपं आहे, आधी नाव ताडून पाहा.

सर्व्हर थांबवल्याशिवाय ही फाइल बदलू नका. सर्व्हर चालू असताना खरी माहिती त्याच्या मेमरीत असते आणि तो ही फाइल स्वतःच पुन्हा लिहितो. तुमचा बदल निमूटपणे पुसला जातो, एररही येत नाही. ‘बदललं तरी जुनाच पासवर्ड मागतो’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

सर्व्हर थांबवा, फाइलची प्रत वेगळ्या जागी ठेवा. ‘पीडब्ल्यूडी-हॅश’ या आज्ञेला नवा पासवर्ड देऊन त्याचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) बनवा. कंसात पद्धतीचं नाव आणि पुढे लांबलचक अक्षरं असं ते दिसतं. फाइलमध्ये ‘सीएन=कॉन्फिग’च्या नोंदीत ‘एनएसस्लॅपडी-रूटपीडब्ल्यू’ (‘रूट’आधीचा हायफन खरा) ही ओळ शोधा आणि कोलन व एका जागेनंतरचा जुना हॅश काढून नवा ठेवा. इथे एक बारकी जागा आहे, तिच्याकडे नीट बघा. एलडिफमध्ये (या फाइलच्या लिहिण्याच्या पद्धतीत) लांब ओळ तोडून पुढच्या ओळीत नेलेली असते, आणि त्या पुढच्या ओळीची सुरुवात एका रिकाम्या जागेने होते. जुन्या हॅशचं असं शेपूट खाली राहिलं तर ते नव्या हॅशला चिकटतं आणि पासवर्ड कधीच जुळत नाही. म्हणून रिकाम्या जागेने सुरू होणारी लगतची ओळही काढा. ओळीत कोलन एकाऐवजी दोन दिसले तर ती किंमत बेस-६४ मध्ये आहे. तुम्ही कंसासकट साधा हॅश लिहीत असाल तर तिथे एकच कोलन ठेवा.

फाइल सेव्ह केल्यावर तिचा मालक पूर्वीचाच आहे ना, हे ‘एलएस’ने बघा. रूटने नवी फाइल कॉपी करून ठेवली असेल तर ती सर्व्हरच्या खात्याला वाचता येत नाही आणि सेवा सुरूच होत नाही. एसई-लिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल तर ‘रिस्टोर-कॉन’ही चालवा. सेवा सुरू करा, डिरेक्टरी मॅनेजर म्हणून आत जा, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे ॲडमिनचा पासवर्ड बदला. ‘पीडब्ल्यूडी-हॅश’ला दिलेला पासवर्ड शेलच्या इतिहासात राहतो, म्हणून तो तात्पुरता समजा आणि आत गेल्यावर लगेच दुसरा ठेवा.

दुसऱ्या यंत्रावर रेप्लिका (त्याच डेटाची आपोआप जुळती राहणारी प्रत) असेल तर लक्षात असू द्या : ॲडमिनचा नवा पासवर्ड तिकडे आपोआप पोचेल, डिरेक्टरी मॅनेजरचा पोचणार नाही. तो प्रत्येक सर्व्हरचा स्वतःचा असतो.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन आकडे बदला. इशाऱ्याची मुदत, ‘पासवर्डवॉर्निंग’, मुळात ८६,४०० सेकंद म्हणजे जेमतेम एक दिवस असते; रविवार आडवा आला की संपलंच. ती १४ दिवस, म्हणजे १२,०९,६०० सेकंद करा. ‘पासवर्डग्रेसलिमिट’ मुळात शून्य असतं. ते तीन केलं तर मुदत संपल्यावरही तीनदा आत येऊन पासवर्ड बदलता येतो. मात्र फक्त ‘पासवर्डमॅक्सएज’ वाढवून अडकलेला ॲडमिन सुटेल अशी आशा ठेवू नका. या सर्व्हरमध्ये संपण्याची तारीख प्रत्येक नोंदीवर लिहून ठेवलेली असते, धोरण बदललं तरी ती जुनी तारीख तशीच राहते.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटूवर ओपन-एलडॅप हा डिरेक्टरी सर्व्हर आहे. पी-पॉलिसी (त्यातला पासवर्डचे नियम लावणारा भाग) लावल्यापासून निम्म्या विद्यार्थ्यांचे पासवर्ड एक्स्पायर झाले, निम्म्यांचे नाहीत. शिवाय ‘सीएन=ॲडमिन’चा पासवर्डही सापडत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ॲडमिनपासून. उबुंटूवर यंत्राच्या रूटला लोकल सॉकेटवरून कॉन्फिगरेशन बदलण्याचा पूर्ण अधिकार मुळातच दिलेला असतो. ‘सुडो’ लावून ‘एलडॅप-सर्च’ चालवा : मोठ्या ‘वाय’पुढे ‘एक्स्टर्नल’, मोठ्या ‘एच’पुढे ‘एलडॅप-आय’, कोलन आणि तीन तिरक्या रेघा, शोधाचा पाया ‘सीएन=कॉन्फिग’, आणि मागायचं ॲट्रिब्यूट ‘ओएलसी-रूटडीएन’ (मध्ये हायफन नाही, सलग). ज्या डेटाबेसच्या नोंदीत तुमच्या ॲडमिनचं नाव येईल तिचं पूर्ण नाव उतरवून घ्या. उबुंटूवर त्यात सहसा महिरपी कंसातला १ आणि पुढे ‘एमडीबी’ असतं, पण इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये २ किंवा ‘एचडीबी’ असू शकतं. तसंच वापरलं तर ३२ हा कोड येतो, म्हणजे ‘अशी नोंदच नाही’.

‘स्लॅप-पासवर्ड’च्या आज्ञेने (इथेही ‘पास’ आणि ‘डब्ल्यूडी’) हॅश बनवा. मग चार ओळींची एलडिफ फाइल : नोंदीचं नाव, ‘चेंजटाइप’ला ‘मॉडिफाय’, ‘रिप्लेस’ला ‘ओएलसी-रूटपीडब्ल्यू’, आणि शेवटी त्याच ॲट्रिब्यूटपुढे नवा हॅश. ती त्याच सॉकेटवरून ‘एलडॅप-मॉडिफाय’ने चढवा. सेवा थांबवावी लागत नाही. ‘स्लॅपडी डॉट डी’ फोल्डरातल्या फाइल मात्र हाताने उघडून बदलू नका. त्यांच्या वर चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखण्याचा आकडा) असतो आणि तो जुळेनासा होतो. ३८९ सर्व्हरची रीत इथे चालत नाही.

आता विद्यार्थ्यांचं. ओपन-एलडॅप संपण्याची तारीख लिहून ठेवत नाही. पासवर्ड शेवटचा कधी बदलला ती वेळ, ‘पीडब्ल्यूडीचेंज्डटाइम’, ठेवतो आणि दर लॉगिनला तीत ‘पीडब्ल्यूडीमॅक्सएज’ मिळवून बघतो. पी-पॉलिसी लावण्याआधी ज्यांनी पासवर्ड ठेवला त्यांच्या नोंदीवर ही वेळच नसते, आणि ती नसली तर पासवर्ड कधीच एक्स्पायर होत नाही. तुमचे एक्स्पायर न झालेले निम्मे विद्यार्थी ते हेच. या हिशेबाचा एक फायदा असा की इथे ‘मॅक्सएज’ वाढवला की अडकलेले त्याच क्षणी सुटतात. परीक्षेच्या आठवड्यात हा उपाय तात्पुरता म्हणून वापरायला हरकत नाही.

प्रश्न : नाशिकरोडला आमचं रुग्णालय आहे. विंडोज डोमेनच्या ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एक्स्पायर झाला. डोमेन कंट्रोलरवर (खाती सांभाळणाऱ्या विंडोज सर्व्हरवर) रिमोट डेस्कटॉपने गेलो की पासवर्ड बदलण्याची खिडकी न येता जोडणीच नाकारली जाते.

उत्तर : पासवर्ड माहीत आहे ना? मग घाबरण्यासारखं काही नाही. रिमोट डेस्कटॉपवर नेटवर्क-लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असतं, तेव्हा खिडकी उघडण्याआधीच ओळख तपासली जाते आणि एक्स्पायर झालेला पासवर्ड तिथेच अडतो. सर्व्हरच्या प्रत्यक्ष स्क्रीनसमोर जा. व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टच्या कन्सोलवरून उघडा. जुना पासवर्ड टाकला की नवा ठेवायला सांगितलं जाईल. डोमेनमधल्या एखाद्या साध्या पीसीवर लॉगिनच्या पडद्यावर तेच केलं तरी चालतं, फक्त त्या पीसीला डोमेन कंट्रोलर दिसत असला पाहिजे. दुसरा कुणी डोमेन ॲडमिन असेल तर त्याला रिसेट करायला सांगणं सगळ्यात सोपं.

बदलण्याआधी मात्र हा पासवर्ड कुठे कुठे भरून ठेवला आहे ते शोधा : सेवा, शेड्यूल्ड टास्क, स्कॅनरचं फोल्डर, रुग्णनोंदीचं सॉफ्टवेअर. ती सगळी जुन्या पासवर्डने ठोठावत राहतील आणि लॉकआउटचं धोरण असेल तर खातं लॉक करतील. अशा सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ४९ या कोडपुढे ‘डेटा’ म्हणून एक लहान कोड असतो, तो खूप काही सांगतो. ५३२ म्हणजे पासवर्ड एक्स्पायर, ७७३ म्हणजे पुढच्या लॉगिनला बदलणं सक्तीचं, ७७५ म्हणजे खातं लॉक, ५३३ म्हणजे खातं बंद केलेलं, आणि ५२ई म्हणजे पासवर्ड सरळ चुकीचा. मुळात औषधांच्या किंवा रुग्णांच्या सॉफ्टवेअरला ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं जोडूच नये. त्यासाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं करा. ४२ दिवसांची मूळ मुदत संपल्यावर रात्रपाळीतल्या सिस्टरना लॉगिन न होणं ही केवळ कार्यालयाची गैरसोय राहत नाही.

आणि आज आत जाता येत आहे तोवर एक काम उरका. प्रत्येक डोमेन कंट्रोलरला डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोर मोडचा (दुरुस्तीसाठी सर्व्हर सुरू करण्याच्या पद्धतीचा, थोडक्यात डीएसआरएमचा) स्वतंत्र स्थानिक पासवर्ड असतो. तो सर्व्हर उभारताना ठेवलेला असतो आणि नंतर कुणालाच आठवत नाही. ‘एनटीडीएस-युटिल’ उघडून ‘सेट डीएसआरएम पासवर्ड’, मग ‘रिसेट पासवर्ड ऑन सर्व्हर नल’ असं लिहिलं की नवा ठेवता येतो. डोमेनचे सगळे ॲडमिन बाहेर राहिले तर हाच एक आतला रस्ता उरतो.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. फ्री-आयपीए (३८९ सर्व्हरवरच उभी असलेली खात्यांची व्यवस्था) वापरतो. लेबल छापण्याच्या प्रोग्रामच्या खात्याचा पासवर्ड ॲडमिनने नवा ठेवला, तरी तो लगेच ‘एक्स्पायर्ड’ दाखवतो. हंगामात हे परवडत नाही.

उत्तर : हा बिघाड नाही. ॲडमिनने दुसऱ्याचा पासवर्ड ठेवला की फ्री-आयपीए तो त्याच क्षणी मुदत संपलेला धरतं, म्हणजे तो फक्त मालकालाच माहीत राहावा. माणूस ‘के-इनिट’ या आज्ञेने लॉगिन करून नवा ठेवतो, प्रोग्रामला ते जमत नाही. डिरेक्टरी मॅनेजरच्या नावाने रिसेट केलं तर तसं होत नाही, पण मग मूळ धोरणाची ९० दिवसांची मुदत सुरू होते आणि ऐन फेब्रुवारीत पुन्हा तेच. योग्य उपाय वेगळा : प्रोग्राम फक्त एलडॅपवरून ओळख तपासत असेल, तर माणसांच्या यादीतलं खातं न वापरता ‘सीएन=सिसअकाउंट्स,सीएन=ईटीसी’ खाली डिरेक्टरी मॅनेजरच्या नावाने सिस्टिम खातं करा आणि त्याच्या ‘पासवर्डएक्स्पिरेशनटाइम’ला २०३८०११९०३१४०७झेड ही किंमत द्या. १९ जानेवारी २०३८, ३२ बिटांच्या सेकंदमोजणीचं शेवटचं टोक. ३८९ सर्व्हरवर रेप्लिकेशनचं खातं कायम ठेवायलाही हीच किंमत देतात. ते विसरलं तर मुदत संपल्यावर दोन सर्व्हरमधली देवाणघेवाण थांबते आणि कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही.

वीज गेल्यानंतर सगळ्यांचेच पासवर्ड एकदम एक्स्पायर दिसले, तर पासवर्डच्या मागे न लागता सर्व्हरची तारीख बघा. घड्याळ पुढे गेलेलं असतं. ते पाच मिनिटांहून जास्त सरकलं तर कर्बेरॉस (विंडोज डोमेन आणि फ्री-आयपीएतली ओळख-पडताळणीची पद्धत) तसंही लॉगिन देत नाही. आधी वेळ जुळवा, मगच पासवर्डला हात लावा. चुकीच्या तारखेत बदललेल्या पासवर्डवर मुदतही चुकीचीच पडते.

प्रश्न : मग मुदतच बंद करून टाकली तर? (सिडको)

उत्तर : माणसांच्या खात्यांसाठी हा विचार गैर नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये असं सांगितलं, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या सुरक्षा-शिफारशींतून मुदत काढली. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, एवढंच त्यातून घडतं. पण ऑडिटची किंवा ग्राहकाची लेखी अट असेल तर ती पाळावी लागेल, आणि मुदत काढायची तर लांब पासवर्ड व दुसरी ओळख-पडताळणी आधी लावा. ॲडमिनचं म्हणाल, तर दोन माणसांच्या नावाने दोन वेगळी ॲडमिन खाती ठेवा आणि त्यांच्या पासवर्ड बदलण्याच्या तारखांमध्ये महिन्याभराचं अंतर राखा. डिरेक्टरी मॅनेजरचा पासवर्ड लिहून, पाकिटात सीलबंद करून मालकाच्या तिजोरीत ठेवा. दर सहा महिन्यांनी पाकीट फोडून त्याने खरंच लॉगिन होतं का ते पाहा, पासवर्ड बदला आणि नवं पाकीट ठेवा. पाकिटावर सर्व्हरचं आणि इन्स्टन्सचं नाव लिहायला विसरू नका.